दोन माणसांचे गलबत



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कामगार कार्यकर्ते व अभ्यासक' असे छापले आहे. त्यांतला पहिला शब्द खरा. दुसरा छापखान्याने पदरचा घातला असे समजावे. माझे शिक्षण आठवीत थांबले. पुढे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, युनियनच्या कचेरीत आणि लोकलच्या डब्यात झाले. मला बोलावतात ते बोनस, कंत्राटी कामगार, नाहीतर भविष्यनिर्वाह निधी यांवर बोलायला. यंदा कार्यवाहांनी विचारले, "विषय काय लिहू?" मी म्हणालो, "समुद्र." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे गोदी कामगार का?" मी म्हणालो, "नव्हे, शिडाचे गलबत. आणि त्यावरची दोन माणसे."

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील तर तो फार थोडा आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचीपलीकडे माझा जलप्रवास नाही, आणि त्यातही एकदा पावसाळा तोंडावर आला असताना माझी जी अवस्था झाली ती सभेत सांगण्यासारखी नाही. नवी मुंबईत आपण सगळे खाडीच्या काठावर राहतो, पण खाडी आपल्याला दिसते ती पुलावरून जाताना, आणि तीही गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली तर. दिवाळ्याच्या आणि करावेच्या कोळी बांधवांना मी यातून वगळतो. त्यांच्यासमोर समुद्रावर बोलणे म्हणजे माझा उद्धटपणाच आहे.

तरीही हा विषय घेतला, त्याला कारण घडले. २०२५ च्या पावसाळ्यात एका कारखान्यात आमची वाटाघाट चालू होती. कारखान्याचे नाव सांगत नाही. प्रश्न होता बायकांना तिसऱ्या पाळीवर लावण्याचा. मालकांच्या बाजूने एक अधिकारी बसले होते, शिकलेले, मृदुभाषी. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले आणि टेबलावर आमच्याकडे सरकवले. त्यात नौदलाच्या दोन स्त्री अधिकाऱ्यांचा फोटो होता. ते म्हणाले, "या दोघी आठ महिने समुद्रावर रात्रंदिवस जागल्या. पृथ्वीला फेरा घालून आल्या. आणि तुमच्या बायकांना रातपाळी जड जाते?"

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. वाटाघाटीत असे होते. चांगले उत्तर सुचते ते परतीच्या बसमध्ये. पण या वेळी ते बसमध्येही सुचले नाही, कारण त्या दोघींनी काय केले हेच मला नीट ठाऊक नव्हते. मग मी वाचायला लागलो. आज सांगतो आहे ते त्या वाचनातले.

आधी गलबत. त्याचे नाव 'तारिणी'. लांबी सुमारे सतरा मीटर, म्हणजे आपल्या शहर-वाहतुकीच्या दीड बसएवढी. ते बांधले गोव्यात, मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर. त्या बेटावर अजून फेरीबोटीने जावे लागते. तेथे रत्नाकर दांडेकर यांचा बोटी बांधण्याचा कारखाना आहे. त्याच कारखान्यात 'तारिणी'ची थोरली बहीण 'म्हादेई' तयार झाली. ती नौदलात आली २००९ च्या फेब्रुवारीत, आणि 'तारिणी' २०१७ च्या फेब्रुवारीत. 'म्हादेई'वरून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरे घेत १९ मे २०१० रोजी मुंबईस परत आले. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच गलबतावरून कोठेही न थांबता फिरून आले. या सगळ्यामागे धरणे धरून बसलेला एक म्हातारा होता. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी, निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीस राहणारे. समुद्रापासून एवढ्या दूर माळावर बसून त्यांनी हे स्वप्न पाहिले. २०१८ मध्ये ते वारले.

दांडेकरांचे, दोंद्यांचे, आवटींचे नाव पुस्तकांत सापडते. गलबताच्या अंगावर फायबरचे थरावर थर चढवणाऱ्या, राळेच्या वासात दिवस काढणाऱ्या, घासकाम करणाऱ्या कारागिरांची नावे मला कोठे सापडली नाहीत. माझ्या धंद्यातल्या माणसाला ती जागा मोकळी दिसतेच, त्याला इलाज नाही. दक्षिण महासागरात लाट येऊन आदळते ती त्यांच्या हातच्या कामावर.

आता त्या दोघी. लेफ्टनंट कमांडर दिलना के. या केरळच्या, कोझिकोडच्या. रूपा ए. या पुद्दुचेरीच्या. एकीचे वडील भूदलात, दुसरीचे हवाईदलात. दिलना नौदलात आल्या त्या पुरवठा खात्यात. रूपा दारूगोळा तपासणीच्या खात्यात. म्हणजे दोघींचीही मूळ नोकरी शिडाची नव्हे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे समजूत अशी की अमुक काम जन्मजात येते. त्यांनी आधी तीन वर्षे उमेदवारी केली, आणि तीत सुमारे अडतीस हजार सागरी मैल कापले. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यांना शिकवणाऱ्यांत अभिलाष टॉमी होते. २०२२-२३ मध्ये सहा जणांच्या तुकडीत त्या गोव्याहून केपटाऊनला, तेथून रिओला आणि परत अशा १८८ दिवस फिरल्या. मग फक्त दोघींना मिळून एक लांब पल्ला दिला गेला: गोवा ते मॉरिशस. २८ फेब्रुवारी २०२४ ला त्या निघाल्या, २१ मार्चला पोर्ट लुईस बंदरात पोहोचल्या, आणि एप्रिलमध्ये परत आल्या. त्यानंतर २ ऑक्टोबर २०२४ रोजी मोठी फेरी सुरू झाली. ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल, न्यूझीलंडमधले लिटलटन, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅन्ली, आफ्रिकेचे केपटाऊन, आणि २९ मे २०२५ ला पुन्हा गोवा. एकूण सुमारे २५,४०० सागरी मैल, म्हणजे ४७ हजार किलोमीटर.

हे आकडे ऐकून टाळ्या वाजवणे सोपे आहे. मला त्यांत रस वाटला तो निराळ्या कारणाने. दोन माणसांच्या गलबतावर कामाचे तास कसे वाटतात? मी आयुष्यभर हजेरीपट पाहिले आहेत, म्हणून मला तेच आधी दिसले. गलबत रात्री थांबत नाही. नांगर टाकायला तळ सापडत नाही. तेव्हा एक जागी आणि एक झोपलेली. काही तासांनी उलट. सुकाणू धरणारे यंत्र असते, पण ते डोळे नव्हेत. वारा वाढला तर शीड आवळावे लागते, वळला तर शीड बदलावे लागते, दुसरे जहाज आडवे येते का ते पाहावे लागते. आणि वादळात पाळीबिळी काही उरत नाही, दोघींनाही वर यावे लागते. दक्षिण पॅसिफिकमध्ये त्यांना ताशी नव्वद किलोमीटरच्या पुढचा वारा आणि सात मीटरपर्यंतच्या लाटा लागल्या. चाळीस अंश दक्षिणेच्या खाली वाऱ्याला अडवणारी जमीनच फारशी नाही. तो पृथ्वीभोवती मोकाट फिरतो.

२०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस त्या पॅसिफिकमधल्या ज्या ठिकाणाजवळून गेल्या त्याला पॉइंट नेमो म्हणतात. तेथून कोणत्याही दिशेला जवळची जमीन अडीच हजार किलोमीटरांहून दूर. आकाशात चारशे किलोमीटर वर अंतराळस्थानक फिरते. ते डोक्यावर आले म्हणजे त्यातली माणसे हीच सर्वांत जवळची माणसे. अशा जागी थांबून त्यांनी गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेसाठी पाण्याचे नमुने भरून घेतले. हे वाचताना मला हसू आले. माणूस कोठेही जाओ, कचेरीने दिलेले काम त्याच्या मागे असतेच!

तेव्हा, झोपलेल्या बाईला झोप लागते कशी? बाहेर तो समुद्र, आणि तिला झोप लागते. याला कारण एकच: जागी असलेली आपल्याला मरू देणार नाही, वेळ आली तर हाक मारील, आणि नेमलेल्या वेळी आपण तिला मोकळे करू, हे तिला पक्के ठाऊक आहे.

हाच धागा मला आणखी एका जोडीपाशी घेऊन गेला. मॉरिस आणि मॅरलिन बेली हे इंग्लंडमधले नवरा-बायको. तो छापखान्यात नोकरीला होता. श्रीमंत नव्हते. राहते घर विकून त्यांनी गलबत केले, दोघांच्या नावांची अक्षरे जुळवून त्याचे नाव 'ऑरलिन' ठेवले आणि १९७२ मध्ये न्यूझीलंडला जायला निघाले. पनामाहून गालापागोस बेटांकडे जात असता ४ मार्च १९७३ रोजी पहाटे देवमाशाची धडक बसून गलबताला भोक पडले. तासाभरात ते बुडाले. उरले काय, तर रबराचा एक तराफा आणि रबराची एक डिंगी. मॅरलिनला पोहता येत नव्हते. संदेश पाठवायचे यंत्र त्यांनी हौसेने बरोबर घेतलेच नव्हते. हा निर्णय मला अजून पटलेला नाही, आणि तो नवऱ्याचा होता. सेफ्टी पिना वाकवून त्यांचे गळ केले, कासवे पकडली, पावसाचे पाणी साठवले. सात जहाजे दिसली आणि निघून गेली. नवरा खचत गेला. ती मात्र रोजचा शिधा मोजून देई, कागदाचे पत्ते करून खेळायला लावी, आणि सुटका झाल्यावर बांधायच्या पुढच्या गलबताचे आराखडे त्याच्याकडून काढून घेई. जवळजवळ चार महिन्यांनी, ३० जूनला, एका कोरियन मासेमारी बोटीने त्यांना उचलले. ती बोटही आधी पुढे गेली होती आणि मग वळली. मासेमारीवर कित्येक महिने घराबाहेर असलेल्या त्या खलाशांनी वळून पाहिले, म्हणून ही दोघे जगली. आणि पुढे त्यांनी खरेच दुसरे गलबत बांधले आणि पुन्हा समुद्रावर गेली.

आता मी पुन्हा पोर्ट लुईसला येतो, कारण तेथे माझे मन अडकले आहे. 'तारिणी' जेथे २०२४ मध्ये लागली त्याच बंदरात एक जुना घाट आहे. त्याला पूर्वी कुली घाट म्हणत. आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगडी पायऱ्या. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर मॉरिशसला उतरले, आणि त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर गेली. गुलामगिरी कायद्याने बंद झाली होती. उसाच्या मळेवाल्यांना हात हवे होते. बहुतेक माणसे बिहारकडची आणि तमिळ-तेलुगू मुलखातली. पण त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसेही होती. त्यांच्यातही नवरा-बायको होते. एका बेटावरून निघून दुसऱ्या बेटावर, शिडाच्या जहाजातून, महिना किंवा त्याहून अधिक. मुंबईही तेव्हा बेटच की! त्यांच्या सफरीचे सत्कार झाले नाहीत. मॉरिशसच्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदवह्या आहेत: क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, जहाज. कारकुनाने ऐकले तसे नाव लिहिले, आणि पुढे तेच कित्येक घराण्यांचे आडनाव झाले. त्यांच्या वंशजांनी मराठी टिकवली, गणपती टिकवला. गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. कोकणातली जाखडीही तेथे नाचतात.

त्यांच्या कराराला गिरमिट म्हणत. आरंभी मुदत पाच वर्षे, पुरुषाला महिना पाच रुपये, शिवाय शिधा. आणि आता ऐका: एक दिवस कामाला खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. मग तो खाडा तापामुळे का असेना. ही दुहेरी कपात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालली. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्यात, दहा किंवा अधिक कामगार सूचना न देता एकत्र गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंत पगार कापण्याची मुभा होती, आणि ते कलम दाखवून मला तरुणपणी धमकावलेले आहे. मला वाटे, हे डोके कोणाचे? त्या डोक्याचे घराणे जुने आहे, एवढे कळले.

मॉरिशसमध्ये १९३६ साली मजूर पक्ष निघाला. १९३७ मध्ये मळ्यांवर संप झाले, गोळ्या चालल्या, माणसे मेली. त्यानंतर १९३८ मध्ये कामगारांना संघटना करण्याचा कायदा मिळाला. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथे पुन्हा गोळीबार झाला. त्यात अंजले कूपन नावाची मजूर बाई मेली. ती गरोदर होती. आज तेथल्या क्रीडांगणाला तिचे नाव आहे.

तर त्या अधिकाऱ्यांना उत्तर काय? मी ते पुढच्या बैठकीत दिले, पण त्याआधी एक गोष्ट मला स्वतःविरुद्ध सांगितली पाहिजे.

फार वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषधांच्या गोळ्या भरणाऱ्या एका कारखान्यात आमची युनियन होती. कामगारांत निम्म्याहून अधिक बायका. त्यांनी मागणी केली की वाटाघाटीच्या कमिटीत आमची एक बाई घ्या. मी नकार दिला. मी म्हणालो, "ताई, बैठका रात्री एक-दोन वाजेपर्यंत चालतात. तुमच्याने ते निभायचे नाही. घरचे काय म्हणतील?" त्या बाई पॅकिंगवर होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, "भाऊ, घरी पोरगं तापलं की रात्रभर कोण जागतं?" मी हसून विषय बदलला. करार मी केला. त्यात पगारवाढ चांगली होती. पाळणाघर नव्हते, बायकांच्या स्वच्छतागृहाचा शब्द नव्हता. मला ते सुचलेच नव्हते. मुद्दाम टाळले असते तर निदान लढाई हरलो असे तरी म्हणता आले असते. ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "मला विचारायचं होतंत." तिलाही मी विचारले नव्हते.

म्हणून त्या अधिकाऱ्यांनी कात्रण सरकवले तेव्हा मी गप्प बसलो, त्याचे खरे कारण हे होते. बायकांना जमणार नाही, असे मीही म्हणालो होतो. तेही माझ्याच जिभेने मला उत्तर देत होते, फक्त उलट्या बाजूने. मी म्हणत होतो, तुम्हांला जमणार नाही म्हणून टेबलाशी येऊ नका. ते म्हणत होते, तुम्हांला सगळे जमते म्हणून काही मागू नका.

पुढच्या बैठकीला मी 'तारिणी'चा हिशेब लिहून नेला. मी म्हणालो, साहेब, तुमचा दाखला मला मान्य आहे, पण सगळा मान्य करा. त्या दोघींना तीन वर्षे पगारी शिक्षण होते. त्या स्वतः पुढे आल्या, त्यांना कोणी पाळीवर लावले नाही. दर बंदरात गलबत तपासले, दुरुस्त केले. किनाऱ्यावर माणसे त्यांची खबर ठेवून होती. आणि रात्री कोणीही एकटी नव्हती. एक जागी, तर दुसरी हाकेच्या अंतरावर. तुमच्या कारखान्यात रात्री पावणेसातला सुटलेली बाई रिक्षा मिळवायला अर्धा किलोमीटर अंधारात चालते. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना रातपाळीच बंद होती. मी त्या बंदीचा भक्त नाही. तिच्यामुळे पुष्कळ बायकांच्या हातून बरी नोकरी गेली. नव्या संहितेत स्त्रीच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर रातपाळी आहे. तर मग संमती म्हणजे काय आणि अटी कोणत्या, ते लिहू या.

अधिकारी म्हणाले, लिहा.

या वेळी कमिटीत तीन बाया आहेत. मसुदा त्यांनी केला. मी फक्त शुद्धलेखन पाहिले, आणि तेही त्यांतल्या एकीने नंतर पुन्हा तपासले. घरापर्यंत कंपनीची गाडी; रात्री कोणत्याही यंत्रावर एकटी बाई नाही, कमीत कमी दोघी; संमती दर तीन महिन्यांनी नव्याने घ्यायची, आणि ती काढून घेतली म्हणून कोणाची बदली किंवा कपात नाही; विश्रांतीची खोली, तिला आतून कडी. ही शेवटची बाब मला सात जन्मांत सुचली नसती. गाडी आणि खोली त्यांनी मान्य केली आहे. संमतीच्या कलमावर घोडे अडले आहे. पुढची बैठक सोमवारी दुपारी तीन वाजता आहे. आमच्या बाजूने त्या कलमावर मी बोलणार नाही, कमिटीतल्या बाई बोलणार आहेत. त्यांनी ते कात्रण माझ्याकडून मागून घेतले आहे.